मोरस आहे का?

माझं माहेर देवरुखच्या पुढे, डोंगराच्या पोटात. वाडीचं नाव सांगून तुम्हाला कळायचं नाही, तेव्हा राहू दे, कोकणातली शिवणकाम करणारी बाई एवढंच लिहा. आणि मी बोलता बोलता तुमच्या साडीला फॉल लावत राहते, चालेल ना? हात थांबले की माझं तोंडही थांबतं. तर वडील लवकर गेले, आई दुसऱ्यांच्या शेतात लावणीला जायची, आणि मी दहावी झाल्यावर देवरुखात एका बाईंकडे मशीन शिकले. ब्लाउज मला चटकन जमलं, बाई म्हणायच्या कुंदा, तुला टेप कशाला लागते. मग मुंबईला मामाकडे आले, कपड्यांच्या कारखान्यात लागले, आणि तिथे एक दिवस एजंट आला, परदेशात शिवायला मुली पाहिजेत म्हणून. मला वाटलं दुबई असेल, तर तो म्हणाला मॉरिशस. आता मला कुठे माहीत मॉरिशस, घरी येऊन मामीला विचारलं, तर मामी म्हणाली अगं तिकडे लोक हनीमूनला जातात, तू एकटी कशाला चाललीस! मामी तशीच होती, फटकळ. पण आईला पैसे पाठवायचे होते, मी सही केली आणि गेले.

काय सांगू तुम्हाला, विमानातून खाली बघितलं तर निळ्या पाण्यात बेट, आणि बेटाच्या भोवती एक पांढरी रेघ, गोल. ती प्रवाळाची भिंत, हे मला नंतर कळलं. लाटा तिथे लांबच फुटतात, काठाला येईपर्यंत त्यांच्यात काही जीव उरत नाही. मी रत्नागिरीचा समुद्र बघितलेली, कितीतरी महिने मी म्हणायचे हा काय समुद्र, हे तर तळं आहे. बाकी सगळा ऊस, जिकडे बघावं तिकडे ऊस, आणि उसाच्या मधेमधे काळ्या दगडांचे हे एवढाले ढीग, घराएवढे. मला वाटायचं देवळं पडली की काय इथे. ज्वालामुखीची जमीन ती, दगडच दगड, तो हाताने वेचून बाजूला रचला तेव्हा कुठे ऊस लावता आला. कोणी रचला हे तेव्हा मी विचारलं नाही. कारखाना, खोली, कारखाना, एवढंच चाललं होतं माझं, एका खोलीत आम्ही आठजणी, कोणी तमिळ, कोणी बांगलादेशची, बोलायला कोणी नाही.

मग एका रविवारी कोणीतरी सांगितलंन की पश्चिमेला कास्कावेल म्हणून गाव आहे, तिथे मराठी देऊळ आहे. मी म्हटलं मराठी? इथे? बस पकडून गेले तर खरंच, बायका साड्या नेसलेल्या, कोणी आनंदी, कोणी लक्ष्मी, पुरुषांची नावं सखाराम, राघो, विठोबा, आणि आरती झाल्यावर सगळे आपसात बोलायला लागले तर एक अक्षर कळेना. क्रियोल बोलत होते, तिकडची भाषा, फ्रेंचमधून झालेली. मी खांबापाशी उभी राहिले बावळटासारखी. तेवढ्यात एक बाई आल्या, पन्नाशीच्या, हात रखरखीत, माझा हात धरलान आणि विचारलंन, तू मराठी? मी म्हटलं हो. तर म्हणाल्या, बोल. मी म्हटलं काय बोलू? काही बोल. मग मी आपलं आईचं, वाडीचं, भाताचं, तोंडाला येईल ते बोलत सुटले, आणि त्या डोळे मिटून ऐकत होत्या, निम्मं तरी कळलं असेल की नाही देव जाणे. शेवटी डोळे उघडून म्हणाल्या, माझी आजी अशी बोलायची. त्याच माझ्या सासूबाई. नवरा मला नंतर भेटला, आधी सासू भेटली, असं माझं लग्न आहे.

नवऱ्याचं नाव देवा, मी त्याला देवाच म्हणते, अहो-जाहो नाही, तुम्हाला ऐकायला कसंतरी वाटेल. पण क्रियोलमध्ये तो, ती, ते, सगळ्याला एकच शब्द आहे, ली. त्यात नवऱ्याला मान द्यायची सोयच नाही, आणि माझी सवय मोडली ती मोडलीच. देवा साखर कारखान्यात होता, मशीनवर. त्याचं आडनाव राघो. आता राघो हे काय आडनाव झालं? पण तिकडे असंच आहे. इंग्रजांनी आपल्याकडची माणसं बोटीत भरून नेलीन ऊस तोडायला, करारावर, रत्नागिरीची, साताऱ्याकडची, आणि तिथे उतरल्यावर साहेबाने नाव विचारलं की माणसाने आपलं नाव सांगितलंन, राघो. झालं. आडनाव गेलं, गाव गेलं, आणि राघोची पोरं, नातवंडं, पतवंडं, सगळी राघो. कोणत्या गावचा राघो हे त्यांच्यातल्या कोणाला माहीत नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार वाईट वाटलं, पण सासूबाई हसायच्या. त्या म्हणायच्या अगं इथे मूळचं कोणीच नाही. आणि ते खरंच आहे बरं का. त्या बेटावर आधी माणूसच नव्हतं. डोडो म्हणून एक पक्षी होता, जाडा, उडता न येणारा, आणि कासवं. मग डच आले, डोडो संपले, डच निघून गेले, मग फ्रेंच आले, त्यांनी आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणलीन, मग इंग्रज आले, त्यांनी आपली नेलीन, मग चिनी आले, त्यांनी दुकानं घातलीन. सगळेच बाहेरचे. त्यामुळे तुम्ही मूळचे कुठले असं तिकडे कोणी कोणाला विचारतच नाही, विचारून काय करणार. तरी आम्ही मराठी ते मराठीच हां, तमिळ वेगळे, भोजपुरी वेगळे, आमचे गणपती, आमची झाकरी. झाकरी म्हणजे आपली जाखडी, फेर धरून नाचतात ती, शब्द पार घासून गेलेत, पण पाय बरोबर पडतात.

आणि गणपती तर काय! देशाला सुट्टी असते. माझ्या सासरी गणपती विकत आणत नाहीत, घरीच मातीचा करतात, आजोबांनी केला, बापाने केला, मग देवा करायला लागला. पोट जरा जास्तच मोठं करतो तो, पण डोळे असे काढतो की बघत राहावं. सासूबाई मोदकाला नारळ खवायच्या आणि मला सांगायच्या, एक वर्ष चुकलं नाही हो आमच्याकडे, वादळात छप्पर उडालं त्या वर्षीही बसवला, शेजारच्या चिन्याच्या दुकानात. मी तिथे बरीच वर्षं काढली, मीरा तिथेच झाली, सासूबाईंकडून मी क्रियोल शिकले आणि त्या माझ्याकडून मराठी. माझं जास्त चांगलं झालं.

मग साखरेला भाव राहिला नाही, कारखाने बंद व्हायला लागले, देवाचाही झाला. उसाच्या जागी बंगले उठले, गोऱ्यांसाठी. तेव्हा अमेरिकेची लॉटरी भरलेली, ग्रीन कार्डची. ती भारतात जन्मलेल्यांना नसते, तुम्हाला माहीतच असेल, इथे तुम्ही सगळे वर्षानुवर्षं रांगेत उभे आहात बिचारे. पण नवरा मॉरिशसचा म्हणून आम्हाला लागली. एवढ्या मोठ्या देशात जन्मून मला जे मिळालं नसतं ते त्या ठिपक्याएवढ्या बेटाने दिलं. सासूबाई म्हणाल्या तुम्ही जा, मी इथेच, धाकट्यापाशी. आणि आम्ही इथे ट्रॉयला आलो, देवाच्या चुलतभावाच्या ओळखीने, ऐन जानेवारीत. मिशिगनचा जानेवारी! देवाने बर्फ बघून मला विचारलंन, हे कधी संपतं? मी म्हटलं मला काय विचारतोस, मी देवरुखची.

देवा शाळेची बस चालवायला लागला, मी ब्लाउज शिवायला लागले, आणि माझ्याकडे येणाऱ्या बायका म्हणाल्या अय्या, काकू तुम्ही मंडळात या ना गणपतीला. देवाला इतका आनंद झाला, काय सांगू! तो म्हणाला आता खऱ्या मराठी लोकांचा गणपती बघायचा. कुडता इस्त्री केलान, पुढे जाऊन उभा राहिला. आरती सुरू झाली आणि हा आपल्या तिकडच्या चालीत, तिकडच्या शब्दांत, मोठ्याने. आवाज त्याचा पहाडी. बाजूची पोरं हसायला लागली, कोणीतरी मोबाइल वर केलान शूटिंगला. मग कमिटीतला एक मुलगा आला, वाईट नव्हता हो तो, अगदी प्रेमाने म्हणाला, काका, वर्ड्स असे नाहीयेत, हे बघून म्हणा, आणि फोन पुढे केलान. देवाला देवनागरी वाचता येत नाही. तो फोनकडे बघत उभा राहिला. नंतर जेवताना एकाने विचारलंन तुम्ही मूळचे कुठले काका, हा म्हणाला मोरिस, तो म्हणाला नाही नाही, ओरिजिनली? आपल्याकडे गाव कुठलं? आडनाव काय? राघो? ते नाव झालं, आडनाव? मी मधे पडून सगळं सांगितलं, बोट, साहेब, ऊस, सगळं, आणि तो म्हणाला वॉव, सो इंटरेस्टिंग, आणि श्रीखंड घ्यायला गेला. गाडीत बसल्यावर देवा क्रियोलमध्ये म्हणाला, तिकडे मी जन्मभर मराठी होतो, इथे येऊन कळलं की मी मराठी नाही. मागे मीरा बसलेली, बारा-तेरा वर्षांची, ती म्हणाली, देन व्हॉट ॲम आय? त्याने गाडी सुरू केलीन. आणि पुढच्या वर्षी त्याने माती आणली नाही.

मला काय झालं असेल सांगा तुम्ही. वादळात न चुकलेला गणपती या एका गोष्टीने बंद. मी म्हटलं मी विकतचा आणते, तर म्हणाला तुझा तू आण, तुला गाव आहे. असं बोलला. मी रडले, भांडले, दोन दिवस स्वयंपाक केला नाही, पिझ्झा मागवून खाल्लान दोघांनी! तिकडून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल, गणपती दाखव रे, आणि हा म्हणायचा आई, नेट खराब आहे. दर वर्षी नेट खराब. म्हातारी काय खुळी होती का? तिला कळत होतं. फोन ठेवताना ती मला म्हणायची, कुंदा, मी आहे तोवर बसव गं. माझ्या जिवाला तेवढाच घोर लागून राहिला, की त्या जायच्या आत याच्या हातचा गणपती पुन्हा बसलेला त्यांना दिसावा.

आणि मग लांज्याच्या काकी आल्या. माझी एक गिऱ्हाईक आहे प्राजक्ता, तिच्या सासूबाई, ऐंशीच्या पुढच्या, उन्हाळ्यात मुलाकडे सहा महिने आलेल्या. प्राजक्ता मापं द्यायला आली, मी तिला घेऊन खाली बेसमेंटमध्ये गेले, आणि काकी वर किचनमध्ये बसल्या. देवा घरी होता. मराठी माणूस आला की तो गॅरेजमध्ये पळायचा, पण म्हातारं माणूस एकटं बसलंय म्हणून त्याने चहा केलान, आमचा तिकडचा, व्हॅनिलाचा, आणि साखर घालायला विसरला, घाबरून. काकींनी घोट घेतलान आणि विचारलंन, काय रे, मोरस आहे का? देवा म्हणाला, होय होय, मोरिस. मी मोरिस. काकींना काही कळेना, त्या म्हणाल्या मग दे की. याला वाटलं, बाई विचारतायत मोरिस आहेस का, आणि आता म्हणतायत दे, म्हणजे पुरावा मागतायत की काय! क्रियोलमध्ये मॉरिशसला मोरिसच म्हणतात ना. हा गेला हॉलमध्ये आणि शोकेसमधला लाकडी डोडो आणून त्यांच्या हातात दिलान. मी वर येऊन बघते तर काकी एका हातात गार चहा आणि एका हातात डोडो घेऊन बसलेल्या, आणि मला म्हणतायत, अगो, मी याच्याकडे मोरस मागितली, याने मला बदक दिलंन!

मी हसून हसून खुर्चीवर बसलेच. मोरस म्हणजे साखर हो, पांढरी साखर. आमच्या वाडीत म्हातारी माणसं म्हणायची, घरात गूळ, आणि पाहुणा आला तर मोरस. कितीतरी वर्षांत कानावर नव्हता आला तो शब्द, मी साफ विसरले होते. देवाला सांगितलं अरे त्या साखर मागतायत, तो म्हणाला साखरेला मोरिस का म्हणतात? मी म्हटलं मला काय माहीत, म्हणतात. आणि मीरा, कॉलेजला जाते ती आता, फ्रिजपाशी उभी होती, ती म्हणाली, मॉम, इट्स द सेम वर्ड. मी म्हटलं काय सेम? तर म्हणे साखर मॉरिशसहून यायची ना बोटीने, म्हणून तिचं नाव मोरस. यू गाइज नेव्हर नोटिस्ड? कपाळ माझं! त्या बेटावर मी एवढी वर्षं काढली, उसात राहिले, आणि माझ्या डोक्यात आलं नाही.

काकींनी डोडो टेबलावर ठेवलान आणि देवाकडे नीट बघितलंन. म्हणाल्या, म्हणजे ती मोरस तुम्ही करायचात होय? देवा म्हणाला, माझा आई ऊस तोडली, माझा बाबा मशीनवर. त्याला आई-बाबा, मुलगा-मुलगी सगळं एकच, सगळ्यांना माझाच म्हणतो तो. काकी हसल्या नाहीत. त्यांनी विचारलंन, गणपती असतो का तुमच्याकडे? देवा उठून सिंकपाशी गेला. मग मीच सगळं सांगितलं, आरतीचं, फोनचं, आडनावाचं, नेट खराब असल्याचं. काकींनी ऐकून घेतलंन आणि म्हणाल्या, एवढ्यासाठी जीव जाळतोस होय? गाव नाही ना ठाऊक? मग आमचं लाव. कोणी विचारलंन तर सांग लांज्याकडचा, मी सांगते सगळ्यांना, माझा भाचा म्हणून. मला भरूनच आलं, ओळख ना पाळख, आणि या बाईने आपलं गाव उचलून दिलंन. मला वाटलं आता हा रडेल, पाया पडेल.

तर देवा म्हणाला, नको काकी. सिंककडे तोंड करूनच म्हणाला. नको, मला गाव आहे. कास्कावेल. माझा आई तिथे डोक्यावर दगड उचलली, शेतातून काढली, ढीग केली, मग ऊस लावली. मी लहान, झाडाखाली बसायचा, आई दगड न्यायची, परत यायची, परत न्यायची. माझा बाबा मेला, तिथेच जाळला. मी गणपती तिथे केला. ते गाव आहे. लोक विचारतात गाव, मी सांगतो, तर म्हणतात हे नाही, दुसरं सांग. दुसरं नाही मला. आणि मग तो वळला, डोळे लाल, एवढं मराठी तो जन्मात सलग बोलला नव्हता, मला सांगायला सांगितलं असतं तर मलाही असं सांगता आलं नसतं. मला तर वाटत होतं याला गाव नाही याचं दुःख आहे. एवढी वर्षं संसार केला आणि मला हे कळलं नव्हतं.

काकी म्हणाल्या, मग तसं सांग की मेल्या, मघापासून बदक काय दाखवतोयस! आणि तो हसला. मीरा हसली, प्राजक्ता अंगावर टाचण्या लावलेल्या ब्लाउजमध्ये जिन्यात उभी होती, ती हसली आणि टाचणी टोचून ओरडली. काकींनी चहा पुढे सरकवलान, म्हणाल्या आता घाल दोन चमचे.

त्या वर्षी देवाने माती आणलीन, गॅरेजमध्ये गणपती केलान, मीराला हाताशी घेऊन. पोट मोठंच झालं. काकी परत जायच्या आधी आरतीला आल्या, देवा आपल्या चालीत, आपल्या शब्दांत म्हणाला, आणि संपल्यावर काकींनी सरळ सांगितलंन, मला बाबा यातलं काही कळलं नाही, पण बाप्पाला कळलं असेल, त्याला सगळ्यांचं ऐकायची सवय आहे. सासूबाईंना व्हिडिओवर दाखवला. नेट एकदम चांगलं होतं. त्या नुसत्या हात जोडून बघत होत्या, आणि मग म्हणाल्या, डोळे बरोबर आलेत.

आता सासूबाई थकल्यात, उठवत नाही फार. यंदा आम्ही तिघं गणपतीला त्यांच्यापाशी चाललोय, देवाने बसवाल्यांकडून रजा काढलीन, मीरा म्हणते आजीकडून ती झाकरीचे पाय शिकणार, मी म्हटलं आजीला उठता येत नाही, तर म्हणे शी कॅन टेल मी. शिकू दे. तुमचा फॉल झाला, हा घ्या, उलटा करून बघा, टाका कुठे दिसतो का. सुखात राहा, पोराबाळांशी मराठी बोला, चुकीची बोलली तरी बोलू द्या.

अहो हो, ते राहिलंच सांगायचं. परवा मंडळातून फोन आला, नवा मुलगा आहे कमिटीत, महाडकडचा, म्हणाला काका, यंदा तुमची तिकडची आरती ठेवू या, सगळ्यांना ऐकायचीय. मी इथे मशीनवर होते, कान तिकडेच. देवा म्हणाला, यंदा नाही जमणार, गणपतीला गावाला चाललो. आता आपल्या कोकणात हे एकदा म्हटलं की संपलं, साहेबसुद्धा पुढे बोलत नाही. तो मुलगा म्हणाला, अरे वा काका, मग काय प्रश्नच नाही, जाऊन या. कुठलं गाव, ते त्याने विचारलं नाही.